वळिवडे कॅम्प ते गांधीनगर

बरेच दिवस इथं काही लिहिलं नव्हतं. परवा कोल्हापूरहून धाकट्या काकांचा फोन आला. आमच्या जुन्या वसाहतीचा पुनर्विकास व्हायचा आहे, कागदावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. "तू तिकडं लांब आहेस, नुसती सही करून पाठव," म्हणाले. "काका, कागद तुम्ही वाचलात का?" असं विचारलं तर म्हणाले, "वाचून काय करतोस? पाडणार आणि बांधणार, दुसरं काय!"

फोन ठेवला आणि का कोण जाणे, आत्या आठवली. दिवाळीआधी ती आम्हा पोरांना कापडं घ्यायला गांधीनगरला न्यायची. पण गांधीनगर हा शब्द तिच्या तोंडी नसायचाच. "चला रे, कॅम्पात जाऊन येऊ," म्हणायची. कसला कॅम्प, हे आम्ही कधी विचारलं नाही. गल्लीबोळांतली ठोक कापडाची दुकानं, ताग्यांचे ढीग आणि सिंधी शेटजींचं अस्सल कोल्हापुरी मराठी, एवढंच आमच्या लेखी गांधीनगर.

कॅम्प होता तो पोलंडच्या निर्वासितांचा. १९३९ मध्ये रशियानं पूर्व पोलंड घेतलं आणि पुढच्या दोनेक वर्षांत तिथल्या लाखो माणसांना सैबेरिया, कझाकस्तानकडे हाकललं. १९४१ मध्ये जर्मनीनं रशियावरच हल्ला केला, तेव्हा यांची सुटका झाली. त्यातली काही इराणमार्गे कराचीला आणि तिथून पुढं हिंदुस्थानात पोचली. काही मुलं जामनगरजवळ बालाचडीला राहिली. सगळ्यांत मोठी वसाहत मात्र आपल्या वळिवड्याला, १९४३ पासून. माणसं सुमारे पाच हजार, त्यात बहुतेक बायका आणि मुलं. पुरुष सैन्यात गेलेले, नाहीतर वाटेतच संपलेले.

आपल्याकडे ही गोष्ट "महाराजांनी आसरा दिला" अशी सांगतात. पण राजाराम महाराज १९४० मध्येच वारले होते. वसाहत आली तेव्हा गादीवर तान्हे शिवाजी महाराज होते आणि कारभार ताराराणीसाहेबांच्या रिजन्सीकडे. जागा संस्थानातली, व्यवस्था हिंदुस्थान सरकारची आणि खर्च लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारचा. म्हणजे आजच्या भाषेत ही सरकारी घरकुल योजनाच! एकसारख्या लांबलचक बराकी आणि एकेका कुटुंबाला त्यातल्या खोल्या.

त्या बराकींचं गाव केलं ते राहणाऱ्यांनी. शाळा काढल्या, चर्च उभं केलं, मुलांची स्काउट पथकं चालवली, नाटकं बसवली, दारापुढं फुलझाडं लावली. उद्या कुठं जायचं हे ठाऊक नसताना माणसं दारापुढं फुलझाडं लावत होती, याचं मला फार नवल वाटतं. पण जागा त्यांची नव्हती. जुलै १९४५ मध्ये ब्रिटननं त्यांच्या सरकारची मान्यताच काढून घेतली. कॅम्पाचा खर्च मग आंतरराष्ट्रीय मदत संस्थेकडे गेला आणि १९४८ पर्यंत कॅम्प रिकामा झाला. कोण इंग्लंडला, कोण आफ्रिकेला, थोडे परत पोलंडला. काही जण कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीतच राहिले.

रिकाम्या बराकींत मग आले फाळणीनंतरचे सिंधी. तेव्हा मुंबई इलाख्यात असं बऱ्याच ठिकाणी घडलं. कल्याणच्या लष्करी छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं, पिंपरीलाही कॅम्प होता. वळिवड्याच्या कॅम्पाचं गांधीनगर झालं. सरकारनं दिलं ते छप्पर. बाकी सगळं यांनी स्वतः केलं. राहत्या खोलीच्या पुढच्या भागात दुकान, मागं चूल. धंदा वाढला तसं बराकीच्या जागी पक्कं घर, घरावर मजला. कुणी एका दिवशी येऊन सगळा कॅम्प पाडला नाही, ज्याला जमेल तेव्हा त्यानं आपलं घर बदललं. दक्षिण महाराष्ट्र आणि शेजारच्या कर्नाटकातले व्यापारी जिथं माल भरायला येतात ती पेठ अशी उभी राहिली.

यात सगळं गोड नाही. गल्ल्या अरुंद झाल्या, मोकळी जागा गेली, आणि बराकी तर जवळजवळ नाहीशाच झाल्या. वळिवड्यात लहानाचे मोठे झालेले पोलिश लोक म्हातारपणी आपलं घर शोधत यायचे, तेव्हा दाखवायला फार थोडं उरलं होतं. त्यांच्या आठवणीसाठी महावीर उद्यानात स्तंभ आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये पोलंडहून पाहुणे वळिवड्याला आले होते. तिकडं वॉर्साला कोल्हापूरच्या नावाचं स्मारक २०१७ मध्ये झालं. आपली आठवण तिकडं दगडात कोरलेली आणि त्यांची घरं इकडं कापडाच्या दुकानांखाली! पण यासाठी सिंध्यांना दोष तरी कसा द्यायचा? सगळं मागं टाकून आलेल्या माणसाला दुसऱ्याची आठवण जपायला कुणी सवड दिली होती?

मला आपलं वाटतं ते इतकंच. पोलिश माणसांकडे एकी होती, पण जागेवर हक्क नव्हता, म्हणून त्यांचं गाव पाच वर्षांत पुसलं गेलं. सिंध्यांना पाय रोवता आले, म्हणून त्यांचं गाव टिकलं. वसाहत नवी होते ती राहणाऱ्यांच्या हातून, आणि तेही हक्काचा कागद त्यांच्याकडे असला तरच.

म्हणून काका, तुम्ही हे वाचत असाल तर (चिरंजीव वाचून दाखवेलच), सही मी करणार आहे. पण आधी कागद पाठवा. आणि सभेत एवढं विचारा : खालच्या मजल्यावर शिवणयंत्र घेऊन बसणाऱ्या काकूंना नव्या इमारतीत खालीच जागा मिळणार का? भाड्यानं राहणाऱ्यांचं काय? अंगणातला पारिजातक आत्यानं लावलेला आहे, त्याचं काय?

आत्या आता नाही. असती तर तिनं सभेत पहिला प्रश्न झाडाचाच विचारला असता.

असो.