एक इनाम, उलट इनाम

फरारी इसमाचें भिंतीवर डकविलेलें चित्र आणि खालीं बक्षिसाचा आंकडा, हा अमेरिकेंतील घोडेस्वार-पिस्तुलवाल्यांच्या दूरचित्रवाणी-कथांतला ठरीव प्रवेश. ‘गनस्मोक’ ही तसली माला १९५५ पासून वीस वर्षें चालली. ती पाहतांना आम्हां पुणेकरांस १८७९ सालचें आपलेंच शहर आठवतें.

वासुदेव बळवंत फडके हे पुण्याच्या लष्करी हिशेबखात्यांतले कारकून. १८७६-७७ च्या दुष्काळानें त्यांचें मन पेटलें. सुशिक्षितांनीं साथ दिली नाहीं, तेव्हां रामोश्यांस जमवून त्यांनीं फेब्रुवारी १८७९ मध्यें धामारी लुटली. सरकारनें त्यांच्यावर इनाम लाविलें. येथवर नवल नाहीं. परंतु या कारकुनानें उलट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांच्याच शिरास इनाम जाहीर केलें! मे महिन्यांत बुधवारवाडा व विश्रामबागवाडा जळाले, तेव्हां संशय त्यांच्यावरच गेला; आग लावणारा पुढें निराळाच निघाला.

रामोश्यांस लुटीचाच लोभ, असें फडके आपल्या आत्मवृत्तांत खेदानें लिहितात. निदान ते रानांत तरी गेले. आमच्यासारख्या पांढरपेशांविषयीं काय बोलावें?

शेवटीं भर दुपारचें पिस्तुलयुद्ध कांहीं झालें नाहीं. जुलैंत विजापुराकडील देवरनावडगी येथें तापानें फणफणलेले फडके मेजर डॅनियलच्या हातीं झोपेंतच सांपडले. पुण्यास खटला चालून त्यांस जन्मठेप झाली. १७ फेब्रुवारी १८८३ रोजीं एडनच्या तुरुंगांत ते वारले, तेव्हां त्यांचें वय सदतीस होतें.