नासकचा हिरा : मालकीचा क्रम आणि शापाची कथा

युरोपीय ग्रंथांतून ज्यास ‘नासकचा हिरा’ म्हणतात, तो नाशकाजवळील श्रीत्र्यंबकेश्वराच्या देवालयांतील होता अशी परंपरा आहे. कित्येक त्यास शंकराचा नेत्र म्हणतात, व देवाचा नेत्र हिरावल्यामुळें तो शापित झाला असेंही सांगतात. शापाचा निर्णय करण्यापूर्वीं हिरा कोणाकडून कोणाकडे गेला, हें क्रमानें पाहिलें पाहिजे.

त्र्यंबकेश्वराचें विद्यमान देवालय नानासाहेब पेशव्यांनीं इ. स. १७५५ त बांधावयास घेतलें. दुसरे बाजीराव ३ जून १८१८ रोजीं माल्कमच्या स्वाधीन झाले. पेशवाई बुडाली त्या सुमारास हा हिरा कर्नल ब्रिग्ज याच्या हातून गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याजकडे व तेथून कंपनीच्या लुटींत लंडनास गेला. तेथें रंडेल अँड ब्रिज या सराफांनीं तो सुमारें ३,००० पौंडांस घेतला. १८३१ त इमॅन्युएल बंधूंनीं ७,२०० पौंड दिले, व १८३७ त तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनें विकत घेऊन आपल्या तरवारीच्या मुठींत बसविला. पुढें पॅरिसचे मोबूसँ, मग १९४० त अमेरिकन जवाहिऱ्या हॅरी विन्स्टन, असे धनी बदलले. १९७० त न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यास ५ लक्ष डॉलर आले. पुढें तो लेबनॉनचे जवाहिरे रॉबर्ट मुआवाद यांच्या संग्रहांत गेला.

धन्यांबरोबर हिऱ्याचें रूपही पालटलें. लंडनास आला तेव्हां तो सुमारें ९० कॅरट वजनाचा, ओबडधोबड पैलूंचा व त्रिकोणी होता. रंडेलनें पैलू पाडल्यावर तो ८० कॅरटांच्या आसपास राहिला, व विन्स्टनच्या हातीं ४३.३८ कॅरट उरला. म्हणजे ज्या देशी कारागिरानें त्यास प्रथम पैलू पाडले, त्याची खूण आज शिल्लक नाहीं. शापापेक्षां ही हानि आम्हांस अधिक खरी वाटते.

आतां शाप. मार्क्विस १८४५ त ७७ वर्षांचा होऊन वारला, व त्याचा नातू १८७४ त ड्यूक झाला. बाजीरावांचें राज्य गेलें खरें. परंतु तें जात असतांच हिराही गेला, तेव्हां राज्यनाशाचें कारण त्यास लावतां येत नाहीं. त्यानंतर आठ लक्षांचें वर्षासन घेऊन ते ब्रह्मावर्तास १८५१ पर्यंत जगले. या क्रमांत शापाचें फळ कोठें दिसतें?

आमच्या शास्त्रांचें मत निराळें आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत शुभ रत्नानें राजास शुभ व अशुभानें अशुभ फळ सांगितलें आहे. तेथें दोष रत्नाच्या लक्षणांचा आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत लोभानें देवस्व हरण करणाऱ्यास परलोकीं दुर्गति सांगितली आहे; तेथें दोष हरणकर्त्याचा आहे. मूर्तीचें रत्न चोरिलें म्हणून तें ज्याच्या घरीं जाईल त्याचा घात करील, या कल्पनेस विलायतेंत १८६८ त निघालेल्या विल्की कॉलिन्सच्या ‘द मूनस्टोन’ या कादंबरीनें मोठी प्रसिद्धि दिली. आमच्या हिऱ्यावर ती मागाहून चढलेली दिसते.

मग हें रत्न देवस्व होतें कीं राजधन? देवस्व असेल, तर इंग्रजांच्या आधीं तें देवालयांतून कोणीं काढलें, हा प्रश्न प्रथम आमच्याच लोकांस लागतो. शापाची कथा तो झांकून टाकते आणि सारें पाप परक्याच्या माथीं मारून आम्हांस मोकळें करते. असें मोकळें होणें इतिहासाच्या अभ्यासकास शोभत नाहीं.

निर्णय कागदांनींच होईल. देवस्थानच्या वह्या, दानपत्रें व जवाहिरखान्याच्या याद्या यांत हा हिरा वजन व आकार यांवरून ओळखावा. ‘नासकचा’ हें नांव त्यांत शोधूं नये, कारण तें परक्यांनीं दिलेलें. ढाणकीसारख्या गांवींही एखाद्या माळ्यावर मोडी रुमाल निघूं शकतो. ज्यांच्या संग्रहीं असे रुमाल असतील त्यांनीं ते उघडून पाहावे, व मोठ्या त्रिकोणी हिऱ्याची एक ओळ जरी आढळली तरी ती वजनासह या त्रैमासिकांत प्रसिद्ध करावी, इतकीच आमची विनंति.

ढाणकी, जि. यवतमाळ