टाकी आणि टाके

इतिहास हा शनिवार पेठेतला गृहोद्योग आहे. वाडा हाकेच्या अंतरावर असल्यामुळं इथला पेपरवालासुद्धा बाजीरावाविषयी एकेरीत बोलतो. मी पडलो बी. कॉम.; पण ताळेबंद मला कळतो. फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावानं पालखेडला निजामाला कोंडलं, ते ओझं कमी ठेवून. जड तोफा निजामाच्या नावे, वेग बाजीरावाकडे जमा! वाडा त्यानं नंतर, १७३० मध्ये बांधायला काढला. आधी हलकेपणा, मग दगड.

हाच धडा घेऊन राजगडला निघताना मी पिशवीतून सौभाग्यवतींचा बटवा बाहेर काढला. त्यात दाभण, मेण लावलेला दोरा, सेफ्टी पिना आणि चिकटपट्टी. म्हटलं, "गडावर निघालोय, शिवणवर्गाला नाही!"

"अहो, असू दे," एवढंच म्हणून तिनं तो चिरंजीवांच्या खिशात कोंबला.

उतरताना चोरदरवाज्याखाली माझ्या बुटानं जबडा वासला. खाली गुंजवण्यापर्यंत घसरडा उतार, ऊन कललेलं, आणि बरोबर बारा वर्षांचं पोर. मी ऐटीत रुमाल बांधला. दहा पावलांत तो खडकावर घासून फाटला आणि मी घसरलो. झुडूप हाताला लागलं म्हणून थांबलो. इथं पाय मोडला असता, तर पोरानं एकट्यानं काय केलं असतं? तो हिशेब काही केल्या जुळेना.

पोरानं मुकाट्यानं बटवा काढला. दाभणानं भोकं पाडली, दोरा दुहेरी ओवला, चार टाके घातले आणि वरून चिकटपट्टी गुंडाळली. "आईनं शिकवलंय, बाबा." अंधार पडता पडता आम्ही खाली पोचलो.

घरी आल्यावर मी पुन्हा इतिहासात शिरलो. १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमेत अँड्र्यू अर्विन हा बावीस वर्षांचा पोरगा होता. विलायतेहून आलेले ऑक्सिजनचे संच गळत होते. पठ्ठ्यानं ते मोहिमेतच खोलून दुरुस्त केले, वर त्यांचं वजनही घटवलं. म्हणजे ओझं कमी करायचा हक्क त्याचा, ज्याला दुरुस्ती येते. मी नुसताच बटवा काढायला निघालो होतो!

८ जूनला मॅलरीबरोबर तो शिखराकडे गेला, तो परतला नाही. १९९९ मध्ये मॅलरीचा देह सापडला. खिशात चाकू होता, कात्री होती, सेफ्टी पिनसुद्धा होती. २०२४ च्या सप्टेंबरात खालच्या हिमनदीवर एक बूट सापडला. आत पाऊल, पावलात मोजा, आणि मोज्याला शिवलेली नावाची पट्टी : ए. सी. अर्विन. माणूस गेला, शंभर वर्षं बर्फात टाका तेवढा टिकला.

गडावरची पाण्याची टाकी सगळे मोजतात. टाके कुणी मोजत नाही. हल्ली दर रविवारी मी चिरंजीवांकडं टाके शिकायला बसतो. पहिला बूट कालच शिवून झाला. इतका पक्का, की आता त्यात पाय जात नाही.