बिल्ला आणि कानाची खाच

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत कुत्रा दत्तक घेणारा माणूस निवाऱ्यात जाऊन पिंजऱ्यांपुढून फिरतो, असे क्वचितच घडते. पिल्लू सापडते ते सोसायटीच्या जिन्याखाली, कॅम्पातल्या दुकानाच्या फळीखाली, नाही तर स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर. चार दिवस बिस्किटे घातली जातात, पाचव्या दिवशी ते कुणाच्या तरी घरात शिरते. म्हणूनच दत्तक प्राण्याच्या निर्बीजीकरणाची अट या भागात आली ती रस्त्यावरून घरात. अमेरिकेत हा क्रम उलटा आहे. लॉस एंजेलिस शहराने १९७१ साली पाळीव प्राण्यांसाठी स्वस्त नसबंदी केंद्र उघडले. निवाऱ्यातला प्राणी शस्त्रक्रिया झाल्याशिवाय नव्या मालकाच्या हाती द्यायचा नाही, हा दंडकही तिकडे पुढे रुळला. तेथे आधी घर आणि निवारा, मग बाकीचे. आपल्याकडे मोकाट कुत्री मारणे बंद करायचे, तर त्याऐवजी काय करायचे, या प्रश्नातून निर्बीजीकरण आले आणि पाळीव कुत्र्यापर्यंत ते फार उशिरा पोचले.

मारण्याची रीत जुनी होती. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उन्हाळ्यात आणि पावसाळा सरताना मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम असे आणि त्यासाठी इनाम मिळे. १८३२ साली मारण्याची मुदत वाढवली गेली. मेलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत असल्याने मारेकरी घरांच्या ओट्यांपर्यंत येऊ लागले. कुत्र्याला धर्मात मानाचे स्थान देणाऱ्या पारशी समाजाने जून महिन्यात फोर्टात दंगा केला, दुकाने बंद झाली आणि कुलाब्याच्या छावणीची रसद अडली. लष्कर बोलवावे लागले. शेवटी कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर नेऊन सोडावीत, अशी तडजोड पुढे आली. मोकाट कुत्र्यांवरून सरकार आणि नागरिक यांच्यात जो वाद आजही चालतो, त्याची ही पहिली मोठी फेरी म्हणता येईल.

पुढे नगरपालिकांच्या कायद्यांनी कुत्र्यांची दोन जातींत विभागणी केली : बिल्ला असलेली आणि नसलेली. मालकाने वार्षिक शुल्क भरायचे आणि नगरपालिकेने दिलेला धातूचा बिल्ला कुत्र्याच्या गळ्यात बांधायचा. बिल्ला नसलेले कुत्रे गाडीत घालायला अधिकारी मोकळे. म्हणजे जीव वाचवणारी खूण गळ्यात असे आणि ती मालकाच्या पैशाने मिळे. कुत्र्याला पिल्ले किती होतात, याच्याशी त्या खुणेचा काही संबंध नव्हता.

नसबंदीचे तंत्र शेतकऱ्याला अपरिचित नव्हते. बैल औताला जुंपण्याआधी खच्ची करणे हे गावातले नेहमीचे काम. जुन्या पद्धतीत ते ठेचून केले जाई, नंतर बर्डिझो नावाचा चिमटा आला. कुत्र्याच्या बाबतीत मात्र ही कल्पना कुणाच्या डोक्यात आली नाही, कारण कुत्र्याला जुंपायचे नव्हते. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा केंद्रीय कायदा या दृष्टीने मोठा बोलका आहे. क्रूरतेच्या व्याख्येतून कोणत्या गोष्टी वगळायच्या, याची त्याच्या ११व्या कलमात यादी आहे. तीत पहिला मान शिंगे कापणे, खच्ची करणे, डाग देणे आणि वेसण घालणे यांना, आणि लगेच दुसरा मोकाट कुत्री वायुकोठडीत मारण्याला. एकाखाली एक असलेल्या या दोन खंडांपैकी दुसऱ्यातून पहिल्यात यायला कुत्र्याला चाळीसेक वर्षे लागली.

याच काळात ही तीन शहरे वाढत होती. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. बराकींची वस्ती पाच कॅम्पांची झाली. सुमारे तेरा चौरस किलोमीटरच्या या गावात २०११ च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसे मोजली गेली. शिलाहारांच्या शिवमंदिराचे अंबरनाथ काडेपेटीच्या आणि शस्त्रास्त्रांच्या कारखान्यांमुळे औद्योगिक झाले, तर बदलापूर लोकलच्या आधाराने पसरत गेले. १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर तिच्यात घातले गेले. १९९२ मध्ये ते बाहेर पडून त्यांच्या वेगळ्या नगरपरिषदा झाल्या. उल्हासनगरची महापालिका १९९६ ची. एकमेकांना चिकटलेल्या वस्तीत तीन कारभार झाले, आणि कुत्र्याला हद्द समजत नाही. एका बाजूला कुत्र्या पकडल्या गेल्या तरी दुसऱ्या बाजूच्या कचराकुंडीवरची पिल्ले वर्षभरात मोकळी जागा भरून काढतात. नाक्यावरच्या गाड्यांचे उष्टे, मच्छीबाजार आणि न उचललेला कचरा त्यांना पुरेसा असतो.

कुत्रीला गाभण राहिल्यापासून विण्यापर्यंत साधारण त्रेसष्ट दिवस लागतात. मोकाट कुत्र्यांचा मुख्य हंगाम भाद्रपदाचा. मराठीत भादव्यातला कुत्रा हा वाक्प्रचार उगाच आलेला नाही. त्या हंगामाची पिल्ले दिवाळीच्या आगेमागे दिसू लागतात आणि घरी नेली जातात तीही त्याच सुमारास. या कुत्र्यांची भीती मुख्यतः रेबीजची होती. मेंढीच्या मेंदूपासून तयार होणारी जुनी लस पोटात टोचली जाई, आणि ‘पोटात चौदा इंजेक्शने’ हे शब्द एका अख्ख्या पिढीच्या अंगावर काटा आणत. ती लस या शतकाच्या आरंभी बंद झाली आणि दंडात देण्याच्या नव्या लशी सर्वत्र आल्या. अशा लशीसाठी तिन्ही शहरांना जवळचे मोठे सरकारी रुग्णालय म्हणजे उल्हासनगरचे मध्यवर्ती रुग्णालय.

मारून संख्या घटत नाही, हे आधी चेन्नईत मांडले गेले. तेथील ब्लू क्रॉस ही संस्था १९६०च्या दशकापासून नसबंदीचा आग्रह धरत होती. शहराच्या महापालिकेने तो मानला तो १९९६ च्या सुमारास. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० मध्ये कुत्र्यांच्या संख्येविषयी मार्गदर्शक सूचना काढताना निव्वळ मारण्यावर भिस्त ठेवू नये, असे सांगितले होते. कारण सोपे आहे. एका गल्लीतली कुत्री नाहीशी झाली की अन्न तेवढेच उरते, आणि शेजारची, लस न टोचलेली कुत्री तेथे येतात. मुंबईत महापालिकेने १९९४ मध्ये सरसकट मारणे थांबवले. १९९८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने निर्बीजीकरणाची रीत पक्की झाली आणि डिसेंबर २००१ मध्ये केंद्राचे प्राणी जन्म नियंत्रण नियम देशभर लागू झाले. कुत्रे पकडायचे, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची आणि जेथून आणले तेथेच सोडायचे, हा त्यांचा गाभा. ‘तेथेच’ या शब्दावरून सर्वाधिक भांडणे झाली. अर्थात, नियमांचे सारे गणित त्या एका शब्दावरच उभे आहे.

कुत्रीची शस्त्रक्रिया ही खरे तर मोठी शस्त्रक्रिया आहे. आदल्या रात्री तिला उपाशी ठेवतात. भूल दिल्यावर पोटावरचे केस काढून बोटभर चीर घेतात आणि बीजाशय व गर्भाशय बाहेर काढतात. लोक याला सरळ ‘पिशवी काढली’ म्हणतात. नराचे काम त्या मानाने थोडक्यात आटोपते. भूल उतरण्याआधी कानाच्या टोकाला इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच देतात, म्हणजे लांबूनही ओळखू येते आणि तेच कुत्रे पुन्हा पकडले जात नाही. काढलेले अवयव मोजून ठेवावे लागतात, कारण संस्थेला पैसे कुत्र्यांच्या संख्येवर मिळतात आणि संख्या कागदावर वाढवता येते. २०२३ च्या नव्या नियमांनुसार टाके भरून येण्यासाठी निदान चार दिवस देखरेखीत ठेवल्याशिवाय कुत्रे सोडता येत नाही. या कामाला पिंजरे लागतात, पशुवैद्य लागतो, सांडपाणी आणि वीज लागते. छोट्या नगरपरिषदेची गाडी बहुधा येथेच अडते. बिल्ल्याची जागा या खाचेने घेतली. फरक इतकाच की तिच्यासाठी मालक लागत नाही.

मधल्या काळात न्यायालयांतही हेलकावे झाले. डिसेंबर २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने गोव्यातील एका प्रकरणात बहुमताने उपद्रवी कुत्री मारण्याची मुभा मानली. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २००९ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली.

पाळीव कुत्र्याचे काय? २००१ च्या नियमांतच प्रजनन नियंत्रण, लस, निर्बीजीकरण आणि परवाना यांची जबाबदारी मालकावर टाकलेली होती, परंतु ते वाक्य दोन दशके नजरेआड राहिले. मोकाट कुत्र्याच्या कानावर खाच होती. घरातल्या कुत्रीला दर भादव्यात कोंडून ठेवले जाई आणि तरी पिल्ले झाली की ती खोक्यात घालून बाजारात सोडली जात. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत, नाही तर तब्येत बिघडते’ ही समजूत अजूनही ऐकू येते. पशुवैद्यकात तिला आधार नाही. उलट पहिल्या माजापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला स्तनाच्या गाठींचा धोका कमी राहतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०२२ मध्ये रस्त्यावरचे प्राणी दत्तक देण्यासाठी कार्यपद्धती ठरवली. तीत वय झाल्यावर निर्बीजीकरण आणि लसीकरण करण्याची हमी दत्तक घेणाऱ्याकडून घेतली जाते. पिल्लू दोन-तीन महिन्यांचे असताना शस्त्रक्रिया टाळली जाते, म्हणून येथे अट म्हणजे कागदावरची हमी असते आणि ती पाळली की नाही, हे पाहायला संस्थेला सहा महिन्यांनी फोन करावा लागतो.

या परिसरात निवारे थोडे आहेत आणि जे आहेत ते बहुतेक दत्तक न जाणाऱ्यांचे. बदलापूरजवळ चामटोलीला ‘पाणवठा’ हा अपंग प्राण्यांचा आश्रम आहे. उल्हास नदी जवळ असल्याने पुराची टांगती तलवार तेथे कायम. जुलै २०१९ मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली ती याच पट्ट्यात.

ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधी दिल्ली परिसरातील सारी मोकाट कुत्री निवाऱ्यात डांबायला सांगितले. अकरा दिवसांनी तीन न्यायाधीशांच्या पीठाने तो आदेश बदलला आणि पिसाळलेली व हिंस्र कुत्री वगळता इतरांना नसबंदी आणि लस देऊन मूळ जागी सोडण्याची मुभा दिली. त्याच आदेशात प्राणिप्रेमींना पालिकेकडे अर्ज करून कुत्रे दत्तक घेण्याचा मार्ग मोकळा झाला. अट अशी की ते पुन्हा रस्त्यावर येता कामा नये. नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्री हटवून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला आणि ती परत त्याच जागी सोडायची नाहीत, असे ठरले. ज्या स्टेशनबाहेरच्या रिक्षा स्टँडवर या भागातली कित्येक पिल्ले आजवर घर शोधत आली, त्याला लागून असलेला फलाटच या आदेशाच्या कक्षेत आला आहे.