तर्क, कल्पना आणि सामान्यीकरण : शहाजीकालीन बंगळूरच्या संदर्भात राजवाडे यांची इतिहासदृष्टी

इतिहासकाराच्या विचारप्रक्रियेत तर्क, कल्पना आणि सामान्यीकरण या तिन्ही शक्तींचा व्यापार एकाच वेळी चालतो. त्यांचे परस्परप्रमाण बिघडले की निष्कर्षाचे स्वरूपही बिघडते. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी 1922 मध्ये संपादिलेला जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ या दृष्टीने विशेष उद्‌बोधक ठरतो.

विजापूरच्या फौजांनी 1638 मध्ये केंपेगौडाकडून बंगळूर घेतले व ते शहाजीराजे भोसले यांच्याकडे आले. जयरामाचा चंपू याच दरबाराशी निगडित आहे. त्याने शहाजीपुढे बारा नारळ ठेवून आपले बारा भाषांतील काव्यसामर्थ्य सूचित केल्याचा त्यातील प्रसंग अभ्यासकांना परिचित आहे.

आश्रित कवीचे स्तुतिकाव्य पुरावा म्हणून कितपत ग्राह्य धरावे, हा येथील मूलभूत प्रश्न होय. आश्रयदात्याचे शौर्य व औदार्य यांची वर्णने करणे हा अशा काव्याचा हेतूच असतो. म्हणून त्यांबाबत तर्क सावध राहतो. परंतु अनेक भाषांतील रचनेने कीर्ती मिळवावयाची, तर त्या भाषांचे जाणकार किंवा निदान त्यांची प्रतिष्ठा मानणारे श्रोते असावे लागतात. कवीने जे सिद्ध करण्यासाठी लिहिले नाही, तेच येथे अधिक विश्वसनीय ठरते. नारळांच्या त्या प्रसंगामागे बहुभाषिक सभा पाहणे हे कल्पनेचे कार्य. ती सभा मानल्याशिवाय प्रसंगाला अर्थ उरत नाही, हे दाखविणे तर्काचे.

यापुढची पायरी सामान्यीकरणाची आणि तीच सर्वांत निसरडी. शहाजीचा दरबार बहुभाषिक होता, एवढे विधान चंपूच्या आधारे करता येते. तेवढ्यावरून शहाजी बंगळुरात स्वतंत्र राज्याची सिद्धता करीत होता, असे मात्र म्हणता येत नाही. निजामशाहीच्या अखेरच्या काळात बालराजाला पुढे करून त्याने केलेला कारभार त्याच्या आकांक्षेची साक्ष देतो. उलट 1636 नंतर तो आदिलशाहीचा सरदार होता आणि 1648 मध्ये जिंजीच्या मोहिमेत कैद झाला. ही साक्ष काव्याबाहेरची असून तिचे मोजमाप स्वतंत्रपणेच करावे लागते.

राजवाडे यांना हा विवेक अपरिचित नव्हता. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेच्या 1898 मधील पहिल्या खंडात त्यांनी अस्सल पत्रांच्या कसोटीवर बखरींची विश्वसनीयता तपासली होती. तरीही चंपूच्या दीर्घ प्रस्तावनेत त्यांची प्रतिभा एका दरबारी काव्यापासून मराठ्यांच्या वंशेतिहासापर्यंत झेपावली. त्या झेपेमुळे उपेक्षित बंगळूर मराठी इतिहासाच्या कक्षेत आले, हे तिचे ऋण मान्य केले पाहिजे. मात्र व्यापक सिद्धांत जितका आकर्षक, तितका तो पुढील पिढ्यांना सिद्ध वस्तुस्थितीसारखा भासू लागतो.

बंगळूरच्या इतिहासाबाबत हा धोका केवळ सैद्धांतिक नाही. त्या दरबाराला एकाच भाषेच्या वैभवाचे प्रतीक मानणारे सामान्यीकरण खुद्द चंपूच्याच साक्षीविरुद्ध जाते. संस्कृत, मराठी, कन्नड, फारसी आदी भाषा जेथे एकत्र नांदल्या, त्या सभेचा वारसा कोणा एकाच्या अभिमानात बंदिस्त होऊ शकत नाही. कल्पनेने प्रश्न उभा करावा, तर्काने तो पारखावा आणि सामान्यीकरणाने पुरावा संपेल तेथे थांबावे, हीच या अभ्यासाची फलश्रुती होय.