छायापिशाचाची योनी : एका क्रीडाप्रकारातील वर्गीकरणाचा इतिहास

भुताखेतांविषयीच्या कल्पनांचा अभ्यास सामान्यतः दैवतशास्त्र, लोकविद्या व साहित्यसमीक्षा या तीन शाखांकडून होत आला आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा कल्पनांची पद्धतशीर निर्मिती करणारे एक चौथे क्षेत्र उदयास आले, ते म्हणजे मेजाभोवती बसून खेळावयाचा भूमिकाप्रधान खेळ. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील पहिला प्रकाशित खेळ होय. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या गावाहून तीन पुस्तिकांच्या रूपाने प्रसिद्ध झाला. प्रत्येक खेळाडू एका काल्पनिक पात्राची भूमिका घेतो, एक सूत्रधार प्रसंग उभे करतो आणि संशयाच्या जागी फाशांचा कौल मानला जातो. एकच मोहीम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे चालते. या मोहिमांसाठी जी विरोधी सत्त्वे कल्पिली गेली त्यांत मेलेली पण न निमालेली अशी एक मोठी जात आहे. या जातीत ‘शॅडो’ म्हणजे छायापिशाच नेमके बसते की नाही, या वरवर क्षुल्लक दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास येथे पाहावयाचा आहे.

प्रथम संज्ञेचा विचार अवश्य आहे. या जातीला इंग्रजीत ‘अनडेड’ म्हणतात. हा शब्द खेळाच्या निर्मात्यांनी घडविलेला नव्हे. ब्रॅम स्टोकर याच्या १८९७ सालच्या ‘ड्रॅक्युला’ या कादंबरीचे मूळ योजलेले नावच ‘द अनडेड’ असे होते. शब्दशः भाषांतर करू जाता मराठीत ‘अमृत’ हा भलताच अर्थ पदरी पडतो; म्हणून येथे ‘प्रेतयोनी’ हा परिचित शब्द योजिला आहे. मात्र मराठी लोकसमजुतीत योनी ठरते ती मरणाच्या प्रकारावरून व अपुऱ्या राहिलेल्या संस्कारावरून किंवा वासनेवरून. मुंज झालेला पण अविवाहित मुलगा मेला तर तो मुंजा होतो, ही समजूत सर्वश्रुत आहे. खेळातील प्रेतयोनीची विभागणी याहून वेगळ्या तत्त्वावर झाली, आणि तो फरक हाच या इतिहासाचा गाभा होय.

या विभागणीचा आरंभ युद्धक्रीडेत सापडतो. गायगॅक्स व जेफ पेरेन यांनी १९७१ साली ‘चेनमेल’ ही मध्ययुगीन लढायांची नियमावली प्रसिद्ध केली. तिच्या अद्भुतरम्य पुरवणीत ‘वाइट’ व ‘रेथ’ ही सत्त्वे आढळतात, आणि रेथसोबत टॉल्कीनच्या ‘नाझ्गुल’ या नावाचा उल्लेखही आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) या ग्रंथाचे ऋण येथे उघड आहे. तथापि ‘वाइट’ हा जुन्या इंग्रजीतील ‘प्राणी’ या अर्थाचा शब्द असून ‘रेथ’ हा शब्द स्कॉटलंडमधील बोलीत सोळाव्या शतकापासून आढळतो. पुढे १९७७ च्या सुमारास टॉल्कीनच्या ग्रंथांचे व्यापारी हक्क असलेल्या पक्षाने आक्षेप घेतला, तेव्हा ‘हॉबिट’, ‘एंट’ ही नावे खेळातून गेली. वाइट व रेथ मात्र टिकले. जे सर्वांच्या भाषेचे होते ते राहिले आणि जे एका लेखकाचे होते ते वगळावे लागले. स्वतंत्र राक्षसनिर्मितीची निकड या प्रसंगाने अधिकच स्पष्ट केली असावी.

१९७४ च्या पुस्तिकांत प्रेतयोनीचे आठ प्रकार दिले आहेत : सांगाडा, झाँबी, घूल, वाइट, रेथ, ममी, स्पेक्टर व व्हँपायर. हा क्रम चढत्या सामर्थ्याचा आहे. धर्मोपदेशकाच्या वर्गातील पात्र आपल्या तपोबलाने प्रेतयोनीला परतवू शकते, आणि त्याच्यासाठी दिलेल्या कोष्टकाच्या ओळी याच आठ प्रकारांच्या आहेत. आर्नेसनच्या मोहिमेत एका खेळाडूचे पात्र ‘सर फँग’ नावाचा व्हँपायर बनून अनावर झाले आणि त्याला आवर घालण्यासाठी धर्मोपदेशकाची भूमिका निर्माण झाली, असे त्या खेळाडूमंडळातील परंपरा सांगते. ते मान्य केल्यास प्रेतयोनी व तिचा प्रतिकार यांची वाढ परस्परांच्या दबावाने झाली, असे म्हणता येते.

या आठांपैकी वाइट, रेथ, स्पेक्टर व व्हँपायर यांचा विशेष असा की त्यांच्या आघाताने जखम तर होतेच, शिवाय पात्राने मिळविलेली अनुभवाची पायरीही हिरावली जाते. वाइट व रेथ एक पायरी नेतात, स्पेक्टर व व्हँपायर दोन. या नियमाचे मर्म खेळाबाहेरून चटकन ध्यानात येत नाही. पायरी म्हणजे खेळाडूने मेजावर प्रत्यक्ष घालविलेल्या कित्येक सायंकाळी. जखम भरून येते. गेलेली पायरी पुन्हा कमवावी लागते. मृत्यूच्या स्पर्शाने आयुष्य घटते ही प्राचीन कल्पना येथे खेळाडूच्या खऱ्या वेळाशी जोडली गेली. भय वर्णनातून न येता हिशेबातून आले.

छायापिशाच या आठांत नाही. ते १९७५ सालच्या ‘ग्रेहॉक’ या गायगॅक्स व रॉब कुंट्झ यांच्या पुरवणीत प्रथम येते. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याचे वर्णन भग्नावशेषांत व भूगर्भात वावरणारी भीषण प्रेतयोनी असे आहे, ते अंधारात जवळजवळ अदृश्य असते. त्याचा स्पर्श अनुभवाची पायरी नेत नाही, तर शारीरिक बलाचा एक अंश काही काळापुरता शोषतो, आणि बल शून्यावर आले की बळी स्वतःच छाया बनतो. परंतु टॉम मोल्डव्हे याने संपादिलेल्या १९८१ च्या प्राथमिक नियमपुस्तकात हेच सत्त्व, हाच बलशोष व हेच रूपांतर असूनही छाया ही प्रेतयोनी नव्हे, असे स्पष्ट बजावले आहे. एकाच प्रकाशनसंस्थेच्या दोन समकालीन ग्रंथांत चार वर्षांच्या अंतराने परस्परविरोधी विधाने आढळावीत, हे लक्षणीय आहे.

हा केवळ संपादकीय हलगर्जीपणा मानता येत नाही. कारण नकार मुद्दाम नोंदविलेला आहे आणि त्याचा परिणाम ठोस आहे. छाया प्रेतयोनी असेल तर धर्मोपदेशक तिला परतवू शकतो, नसेल तर त्याचे तपोबल वाया जाते. नवशिक्या खेळाडूंसाठी लिहिलेल्या ग्रंथात, दिसावयास भूत पण कोष्टकात न सापडणारे सत्त्व ठेवणे म्हणजे वर्गीकरणावर विसंबणाऱ्याला सावध करणे होय, असे अनुमान करण्यास जागा आहे. उलट १९७७ च्या ग्रंथाचे स्वरूप कोशाचे आहे आणि कोशाला प्रत्येक सत्त्वाची जागा ठरवावी लागते. ग्रंथाचे प्रयोजन बदलले तशी छायेची योनीही बदलली.

बलशोषाच्या कल्पनेला जुना समांतर दाखला आहे. चौदाव्या शतकातील आइसलँडच्या ग्रेत्तिर-सागेत ग्लाम नावाचा मृत मेंढपाळ उठून उपद्रव देतो. ग्रेत्तिर त्याला मारतो. पण मरता मरता ग्लाम शाप देतो की ग्रेत्तिरला लाभावयाच्या पुढील बलापैकी अर्धेच त्याला लाभेल. त्या दिवसापासून तो वीर अंधाराला भिऊ लागतो. बलहानी व अंधार यांचा संयोग येथेही आहे. तथापि साम्य म्हणजे उगम नव्हे. या सागेतून खेळातील छाया आली असे म्हणण्यास पुरावा लागेल.

१९८१ सालीच ‘फीन्ड फोलिओ’ हा ब्रिटनमध्ये डॉन टर्नबुल यांनी संपादिलेला कोश प्रसिद्ध झाला. त्यातील बरीचशी सामग्री ‘व्हाइट ड्वार्फ’ या मासिकाच्या वाचकांनी पाठविलेली होती. पुढे कादंबरीकार म्हणून प्रसिद्धी पावलेले चार्ल्स स्ट्रॉस यांचा ‘डेथ नाइट’ त्यातलाच. याच कोशातील ‘रेव्हनंट’ आपल्या मारेकऱ्याचा सूड घेण्यासाठी उठतो. म्हणजे मरणाच्या कारणावरून योनी ठरविण्याचे, मराठी समजुतीला जवळचे तत्त्व येथे खेळात शिरते. छायेचाही एक नवा अवतार त्यात आहे, पण तो दानवांच्या वर्गात घातला आहे. प्रश्नाचे हे तिसरे उत्तर होय.

पुढील आवृत्त्यांत १९७७ चेच उत्तर टिकले. २००० व २०१४ च्या आवृत्त्यांत छाया निःसंशय प्रेतयोनी आहे. मात्र २०१४ मध्ये तपशील बदलला : बल शून्य होताच बळी मरतो आणि नवी छाया काही तासांनी प्रेतातून उठते. हे काही तास सोबत्यांना मिळालेली मुदत असते. पूर्वी जो क्षणाचा घात होता तो आता प्रेताचे काय करावे या प्रश्नाचा प्रसंग झाला.

या इतिहासावरून एक निष्कर्ष निघतो. अशा सत्त्वाचे नावीन्य त्याच्या रूपात किंवा नावात शोधू जाता हाती फार थोडे लागते. काळोख, थंड स्पर्श, निराकार देह ही सामग्री सर्वांची आहे. ते सत्त्व जिवंताकडून काय हिरावते, हिरावलेले परत मिळते काय, आणि बळी त्याच्याच जातीत जातो काय, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत त्याचे वेगळेपण असते. लोककथेत ही उत्तरे कथनातून मिळतात, येथे ती कोष्टकांत व आकड्यांत नोंदलेली आहेत. कोष्टकातील आकडा हाही म्हणून मृत्यूविषयीच्या कल्पनेचा पुरावा ठरतो, आणि अभ्यासकाने तो तितक्याच काळजीने वाचला पाहिजे.