शून्य तिकिटाच्या आधी

जून 1932 मध्ये निजामाच्या रेल्वेने 27 मोटारी रस्त्यावर उतरवल्या. कामाला माणसं 166. दोनच वर्षांआधी, 1930 मध्ये, सरकारने ही रेल्वे कंपनीकडून विकत घेतली होती. आता रूळ नसतील तिथे मोटार जावी आणि दोन्हीचा कारभार एकाच हाती राहावा, असा बेत. बिदर आणि गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे तेव्हा त्याच राज्यात. म्हणजे आपण ज्याला आज ‘लाल डबा’ म्हणून नाक मुरडतो, त्याचं मूळ या भागात नव्वद वर्षांहून जुनं आहे.

मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. बिदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. बिदर, भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरकडे आले. सोयरीक तीच राहिली, बस मात्र दोन राज्यांची झाली. इकडे 1961 मध्ये म्हैसूरचं परिवहन महामंडळ उभं राहिलं. 2000 मध्ये त्यातूनच गुलबर्ग्याला मुख्य कचेरी असलेलं वेगळं महामंडळ निघालं.

रेल्वेचं तर विचारूच नका. बिदर-कलबुर्गी हा 110 किलोमीटरचा मार्ग सुरू व्हायला 29 ऑक्टोबर 2017 उजाडावा लागला. तोवर रेल्वेने जायचं तर विकाराबाद, वाडी असा वळसा. त्यामुळे शाळा, दवाखाना, कचेरी, कुठेही वेळेवर हजर व्हायचं तर आधार होता तो हुमनाबादवरून जाणाऱ्या बसचा.

आता गाडीचा हिशेब. मी बिदरहून भालकीला शाळेत जाते, जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. लिटरला पंधरा धरले तर रोज साडेपाच लिटरच्या आसपास. लिटरचे शंभर रुपये धरा, महिन्याच्या पंचवीस दिवसांचे तेरा हजार झालेच की! टायर, सर्व्हिसिंग वेगळं. वेळ वाचतो, हे मात्र खरं. स्टँडवर ताटकळणं नाही, ‘मुंद होग्री’ म्हणत कंडक्टर पुढे ढकलत नाही, रात्री-अपरात्री दवाखाना गाठता येतो. ज्याच्या घरी म्हातारं माणूस आहे त्याला गाडीचं मोल सांगायला नको.

पण गाडी घरात आली म्हणून किल्ली घरातल्या सगळ्यांच्या हातात येते असं नाही. आमच्याकडच्या कितीतरी मास्तरीणबाई, नर्सबाई नोकरीला लागल्या त्या बसच्या भरवशावर. कुणी सोडायला येईल का, हे त्यांना विचारावं लागलं नाही. 11 जून 2023 पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेचं शून्य तिकीट आलं, तेव्हा शेतावर आणि बाजाराला जाणाऱ्या बायकांनाही तीच मोकळीक मिळाली. गर्दी वाढली म्हणून कुरकुर करणाऱ्यांनी हेही बघावं.

ही मोकळीक हद्दीपर्यंतच, बरं का. भालकीची सून उदगीरला माहेरी निघाली तर दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या बसमध्ये शून्य तिकीट चालत नाही. महाराष्ट्राने मार्च 2023 मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट दिलं, तेही त्यांच्या हद्दीपुरतंच. 1956 ची रेघ अशी अजून पर्समध्ये हात घालायला लावते.

म्हणून मला वाटतं, ज्यांना परवडतं त्यांनी गाडी जरूर ठेवावी, पण रोजच्या कामाला बस सोडू नये. फेरी बंद झाली, बस उशिरा आली, की डेपोत अर्ज देतो तो पगारदार प्रवासी. तोच गाडीत जाऊन बसला, तर सकाळच्या फेरीसाठी भांडणार कोण? ती फेरी गेली तर माझं फारसं अडणार नाही. अडेल ते माझ्या शेजारच्या सीटवर बसून कॉलेजला जाणाऱ्या पोरीचं.